भागणे, भागवणे आणि हसणे

आधुनिक मराठी विनोदाची परंपरा ज्या पुस्तकापासून मोजण्याचा प्रघात आहे, त्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या पुस्तकाचे नाव 'सुदाम्याचे पोहे' असे आहे. या नावाची इतकी सवय झाली आहे की, ते दारिद्र्याच्या एका कथेतून आलेले आहे, याचे भान सहसा राहत नाही. फडक्यात बांधलेले मूठभर पोहे, ते द्यावेत की लपवावेत या संकोचात सापडलेला ब्राह्मण आणि ती पुरचुंडी हिसकावून आवडीने खाणारा द्वारकेचा राजा. या मूळ कथेत हसतो तो कृष्ण, सुदामा लाजतो. कोल्हटकरांनी केले ते इतकेच की, हसण्याचा अधिकार त्यांनी सुदाम्याच्या हवाली केला. भरताने 'नाट्यशास्त्रा'त हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे दोन प्रकार सांगितले आहेत. त्या परिभाषेचा थोडा सैल उपयोग केला तर असे म्हणता येईल की, मराठी मध्यमवर्गाने आपल्या ओढगस्तीकडे आत्मस्थ हास्याने पाहण्यास या सुमारास आरंभ केला. मूळ कथेतला एक तपशील मात्र कोल्हटकरांच्या शीर्षकातही झाकलेलाच राहिला. भागवताच्या कथेनुसार ते पोहे सुदाम्याने जमवलेले नव्हते. त्याच्या बायकोने शेजारच्या घरांतून मागून आणले होते.

येथे जो प्रश्न विचारात घ्यावयाचा आहे, तो या तपशिलापाशीच सुरू होतो. अनिश्चित मिळकतीच्या काळात माणसे हसतात, काटकसरीत गंमत शोधतात, अर्ध्या पेला चहात पूर्ण पेल्याचे सुख मानतात. या वृत्तीचे कौतुक करण्याची आपली रीत जुनी आहे. 'कोंड्याचा मांडा करणे' हा वाक्प्रचार गृहिणीच्या गौरवासाठीच वापरला जातो. परंतु या वृत्तीला नैतिक गुण म्हणावयाचे की ती परिस्थितीने शिकवलेली एक सोयीची शरणागती आहे? आणि गुण म्हणावयाचे असेल, तर तो कोणाचा गुण?

शरणागतीचा आरोप हलका नाही, कारण तो करणाऱ्यांनी दारिद्र्याचा विचार गांभीर्याने केलेला आहे. अमर्त्य सेन यांनी 'ऑन एथिक्स अँड इकॉनॉमिक्स' (1987) आणि त्या काळातील इतर लेखनात सुखवादावर घेतलेला आक्षेप थोडक्यात असा : सुख हे कल्याणाचे माप मानले, तर पिढ्यान्‌पिढ्या नाडला गेलेला भूमिहीन मजूर किंवा घरात दबलेली स्त्री लहानसहान गोष्टींत आनंद मानण्यास शिकलेली असते, म्हणून तिची वंचना त्या मापात दिसतच नाही. जगणे सुसह्य व्हावे यासाठी इच्छाच आखूड केलेली असते. यॉन एल्स्टर यांनी 1983 च्या आपल्या ग्रंथाला इसापच्या कोल्ह्यावरून 'सावर ग्रेप्स' असे नाव दिले, तेही याच यंत्रणेचा शोध घेण्यासाठी. द्राक्षे मिळत नाहीत म्हणून ती आंबट ठरवली की कोल्हा सुखी होतो. पण त्याच्या सुखाला त्याच्या स्वातंत्र्याचा पुरावा मानता येत नाही. या दृष्टीने पाहिले तर काटकसरीचे छोटे आनंद म्हणजे शहाणपण नसून आखूड झालेल्या इच्छेचे लक्षण ठरतील.

हा आक्षेप समाधानाला लागू पडतो यात शंका नाही. तो विनोदालाही लागू पडतो का, हे मात्र तपासून पाहावयास हवे. कारण समाधान आणि विनोद या दोन गोष्टी एकत्र नांदत असल्या तरी एक नव्हेत. शिळी पोळी कुस्करून फोडणीला घालतात. या पदार्थाला काही घरांत सरळ 'कुस्करा' म्हणतात. काही घरांत त्याला 'माणिकपैंजण' असे नाव आहे. ज्या कोणी हे नाव प्रथम ठेवले असेल, तिच्या मनात माणकाची आणि पैंजणाची इच्छा विझलेली नव्हती, एवढे नक्की. विझलेली असती तर हे नाव सुचलेच नसते. पितळीतल्या कालच्या पोळीचे तुकडे आणि माणके यांतील अंतर नेमके ठाऊक असल्याखेरीज हा विनोद होत नाही, आणि ऐकणाऱ्यालाही ते अंतर ठाऊक असल्याखेरीज तो पोहोचत नाही. इसापचा कोल्हा म्हणतो, द्राक्षे आंबट आहेत. त्यात विनोद नाही, आत्मवंचना आहे. बोर खाता खाता त्याला द्राक्ष म्हणणारा कोल्हा निराळा. त्याने द्राक्षाची गोडी नाकारलेली नाही आणि बोरही टाकलेले नाही. पाहुणा अवेळी आला की आमटीत तांब्याभर पाणी वाढवण्याचा जुना घरगुती विनोदही याच जातीचा : आमटी पातळ झाली हे त्यात लपवलेले नसते, उलट जाहीर केलेले असते. इच्छा आखूड केल्याने जे सुख मिळते त्याला विसरावे लागते. विनोदाला आठवावे लागते. या अर्थाने दैन्यावरचा विनोद हा आखूड झालेल्या इच्छेचा पुरावा नसून ती अजून पुऱ्या लांबीची असल्याचा पुरावा असतो.

अर्थात या युक्तिवादाला एक मर्यादा आहे. नाव रूढ होते. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीतील मुलाला माणिकपैंजण म्हणजे एका पदार्थाचे नाव एवढेच कळते. नावात दडलेली विसंगती त्याच्यापुरती मेलेली असते. तेथे विनोद संपून सवय सुरू होते आणि सेन यांचा आक्षेप पुन्हा लागू पडतो. ठेचा-भाकरीला महागड्या हॉटेलांच्या खाद्यपत्रिकेत मिळालेली जागा हा या प्रवासाचा आणखी पुढचा मुक्काम म्हणता येईल. पण त्याची चर्चा येथे नको.

काटकसर आणि विनोद यांचा संबंध केवळ प्रासंगिक नाही, तो संकल्पनेच्याच पातळीवर आहे, हे फ्रॉइडच्या विवेचनावरून ध्यानात येते. 1905 मधील विनोदावरील आपल्या ग्रंथाच्या अखेरीस त्याने हास्याच्या तीन प्रकारांची वाटणी तीन प्रकारच्या बचतींवर केली आहे : कोटीतून येणारे सुख हे निरोधासाठी लागणाऱ्या शक्तीच्या बचतीचे, हास्यकारक प्रसंगातून येणारे सुख विचारशक्तीच्या बचतीचे आणि परिहासाचे सुख भावनेच्या बचतीचे. 1927 मध्ये त्याने परिहासावर स्वतंत्र लेख लिहिला. त्यात सोमवारी फासावर नेल्या जाणाऱ्या कैद्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. तो म्हणतो की आठवड्याची सुरुवात तर छान झाली. पाहणाऱ्याने जी दया, जो भयाचा उमाळा तयार ठेवला होता तो खर्च होत नाही. ती शिल्लक हसण्यात बाहेर पडते. म्हणजे परिहास ही भावनेच्या घरातील काटकसर आहे.

परंतु काटकसर करणाऱ्याला जो प्रश्न विचारता येतो तो मग परिहास करणाऱ्यालाही विचारावा लागतो : वाचवलेत, ते कशासाठी? काटकसरी आणि कवडीचुंबक यांच्यातील भेद खर्चाच्या रकमेत नसतो. दोघेही दिवा लवकर मालवतात. एकाला वाचलेल्या तेलाचा पुढे काही उपयोग करावयाचा असतो, दुसऱ्याला तेल वाचले याचेच सुख असते. दारिद्र्यावर हसून जो संताप वाचवला गेला, तो पुढे कोठे खर्चच झाला नाही, तर त्या हसण्याला संतापाचा कंजूषपणा म्हणावे लागेल. मराठी विनोदी वाङ्मयाचा बराच मोठा भाग या कसोटीवर अडचणीत येतो.

चिं. वि. जोश्यांचा चिमणराव याचे उत्तम उदाहरण आहे, आणि तो उत्तम आहे म्हणूनच त्याचा विचार येथे करावयाचा. चिमणरावाच्या कथा पुस्तकरूपाने आल्या तो काळ जागतिक मंदीचा. शेतमालाचे भाव कोसळलेले, सुशिक्षितांची बेकारी वाढलेली, आणि अशा काळात पुण्यातील एका कारकुनाच्या संसारात लग्न जमवणे, विमा उतरवणे, पाहुणे सांभाळणे यांचे चऱ्हाट चाललेले. जोशी स्वतः पाली भाषेचे विद्वान आणि बडोद्यास अध्यापक. दुःख आणि तृष्णा यांवर ज्या भाषेत इतके लिहिले गेले आहे तिचा अभ्यासक चिमणरावाला जन्म देतो, हा योगायोग चिंतनीय वाटतो. पण त्यातून सिद्धांत काढणे नको. चिमणरावाची फजिती सतत होते, त्याचे पैसे बुडतात, त्याचे बेत फसतात; तो स्वतःच हे सारे सांगतो आणि त्याच्या सांगण्यात कडवटपणा नसतो. वाचक हसतो तो निर्धास्तपणे. ही निर्धास्ती येते कोठून? ती येते महिन्याच्या पहिल्या तारखेकडून. चिमणरावाचा पगार तुटपुंजा आहे, पण तो आहे. काऊ, मोरू आणि मैना उद्या उपाशी राहतील अशी शंका त्या जगात शिरत नाही. मध्यमवर्गीय काटकसरीचा विनोद अनिश्चिततेविषयी बोलतो, पण तो उभा असतो एका निश्चिततेवर.

'बटाट्याची चाळ' (1958) या पुस्तकाकडेही असे पाहता येईल. चाळीतील बिऱ्हाडांची अडचण, सामायिक नळ, एका खोलीत मावणारा संसार आणि त्या संसाराला न मावणाऱ्या महत्त्वाकांक्षा यांतून तो विनोद उभा राहतो. 'भ्रमणमंडळा'ला पुण्यापर्यंतचा प्रवासही दिग्विजयासारखा वाटतो, कारण रोजचे जग जिन्यापासून गॅलरीपर्यंतचे आहे. पण या साऱ्या हास्याच्या तळाशी 1947 चा भाडेनियंत्रण कायदा आहे, याकडे समीक्षेने फारसे लक्ष दिले नाही. भाडे गोठलेले होते. म्हणून माणसे चाळीत टिकली, एकमेकांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखत राहिली, आणि ओळखीशिवाय हा विनोद शक्य नव्हता. त्याच कायद्यामुळे मालकाने डागडुजी थांबवली हेही खरे. चाळ जिवंत ठेवणारी आणि चाळ पाडणारी गोष्ट एकच होती. पु. ल. देशपांड्यांना याची जाणीव नसती तर पुस्तकाचा शेवट त्यांनी चिंतनाने केला नसता. विनोद जेथे थांबतो ती जागा त्यांनी ओळखली आणि तेथे हसू लांबवले नाही, हा त्यांच्या प्रामाणिकपणाचा भाग आहे.

निश्चितता नसते तेथे काय होते? अण्णाभाऊ साठे यांच्या 'स्मशानातील सोनं' या कथेतील भीमा खाणीवर काम करतो. खाण बंद पडते. मुंबईच्या उपनगरात पोटासाठी भटकताना त्याला चितेच्या राखेत सोने सापडते, आणि मढी उकरणे हा त्याचा व्यवसाय होतो. एका रात्री प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात; बोटे गमावून तो घरी पडतो, आणि त्याच वेळी बातमी येते की खाण पुन्हा सुरू झाली. येथे उपरोध आहे आणि तो भीषण आहे. पण भीमाच्या तोंडी विनोद नाही. राखेतले सोने शोधणे हीदेखील एका अर्थी काटकसरच आहे. जगाने टाकून दिलेल्यातून भागवणेच आहे. तरीही कोंड्याच्या मांड्याचे कौतुक करणारी भाषा येथे निरुपयोगी ठरते. भीमाजवळ वाचवण्यासारखी भावनाही उरलेली नाही. सगळी खर्ची पडली आहे. जयंत पवारांच्या 'अधांतर' (1997) या नाटकाचा काळही असाच. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यातील फार मोठी संख्या पुन्हा कामावर गेलीच नाही. त्या नाटकातील घर चाळीतलेच आहे, पण तेथे पहिली तारीख येत नाही. पु. लं.च्या चाळीतून थेट या चाळीत येणाऱ्या वाचकाला पहिल्या चाळीतील हास्याची किंमत नव्याने कळते, आणि त्या हास्याची हमी कोणी घेतली होती हेही.

यावरून असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो की, हसणे ही पगारदारांची चैन आहे. तो निष्कर्ष खोटा आहे, आणि तो खोटा ठरवणारा साक्षीदार अण्णाभाऊच आहेत. अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी चालवलेल्या लाल बावटा कलापथकाने 1940 नंतरच्या दशकात तमाशाची बतावणी गिरणगावात आणि खेड्यांत नेली. 'अकलेची गोष्ट', 'मुंबई कोणाची?' ही त्यांची लोकनाट्ये हसवणारी आहेत. सावकार, मालक, दलाल यांची त्यांत यथेच्छ फजिती होते. ज्या लेखकाने भीमाला हसू दिले नाही, त्यानेच भीमासारख्या शेकडो प्रेक्षकांना पोट धरून हसवले. हा विरोध वरवरचा आहे. भीमा एकटा आहे; बतावणीपुढचा प्रेक्षक एकटा नाही. वाचवलेला संताप कोठे खर्च करावयाचा याचा पत्ता त्याला सभेतच मिळत होता. भरताने स्मित आणि हसित उत्तम प्रकृतीच्या पात्रांसाठी राखून ठेवले आणि अपहसित, अतिहसित अधमांकडे दिले. गिरणगावातील मैदानावर ही वर्गवारी उलटी झाली असे म्हटले तर वावगे होणार नाही.

गिरणगावातच आणखी एक गोष्ट घडत होती, आणि तिला वाङ्मयात पुरेशी जागा मिळालेली नाही. घाटावरून आणि कोकणातून एकट्याने आलेल्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका. उधारीवर जेवण, पगाराच्या दिवशी वसुली, दरम्यान वाण्याचे आणि सावकाराचे देणे. दहा जणांच्या भातात अकरावा बसवण्याचे गणित या बायका रोज करीत. 1975 मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले ते याच बायकांना सावकाराऐवजी बँकेचे कर्ज मिळावे म्हणून. काटकसरीचा गौरव करून न थांबता काटकसर करणारीच्या डोक्यावरचे व्याज कमी करावे, हा विचार या कामात आहे. भिशीची गोष्टही अशीच. पैसे साठवण्याची ही रीत चिठ्ठी उचलण्याच्या उत्कंठेने आणि पोह्यांच्या बशीने साजरी केली जाते. अनिश्चिततेला येथे खेळात बसवलेले असते : कोणाचा नंबर आधी लागेल हे ठाऊक नाही, पण प्रत्येकीचा लागणार हे ठाऊक आहे. बाहेरच्या बाजारात नेमके हेच ठाऊक नसते.

मराठी भाषेने या संदर्भात एक विलक्षण क्रियापद घडवले आहे. 'भागणे' म्हणजे पुरणे : एवढ्यात भागते. 'भागणे' म्हणजे विभागणे : दहाला दोनाने भागा. आणि 'भागणे' म्हणजे थकणे : थकलीभागली. व्युत्पत्तीच्या दृष्टीने हे अर्थ एकत्र कसे आले याचा खल कोशकारांनी करावा. वापराच्या दृष्टीने मात्र या तीन अर्थांचा क्रम एका घराचा दिनक्रम सांगतो. जे आहे ते भागले म्हणून सर्वांचे भागले, आणि भागणारी भागली. काटकसरीविषयीची नैतिक चर्चा पहिल्या दोन अर्थांत रमते. तिसरा अर्थ सांगावयाचे विसरते. घरात भागवण्याचे काम आणि भागवण्याविषयी विनोद करण्याचे काम यांची वाटणी बहुधा समान नसते. चिमणरावाच्या ओढाताणीची गोष्ट चिमणराव सांगतो. काऊने सांगितलेली ती गोष्ट आपल्याजवळ नाही. शेवटी बसणारीच्या ताटात काय उरले, यावर तिच्याआधी जेवून उठलेल्याने केलेला विनोद कितीही सुंदर असला तरी तो परस्थच.

तुकारामांच्या चरित्राचा येथे आधार घेता येतो. सतराव्या शतकातील 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांचा व्यापार बुडाला, पहिली पत्नी अन्नावाचून गेली. पुढे एका अभंगात त्यांनी आपल्या दिवाळ्याबद्दल आणि आपत्तींबद्दल देवाचे आभारच मानले आहेत. ही वृत्ती आखूड झालेल्या इच्छेची आहे असे कोणी म्हणू लागला, तर त्याला कर्जखतांची कथा सांगावी लागेल. परंपरा सांगते की, लोकांकडून येणे असलेली खते इंद्रायणीत बुडवण्याचे तुकोबांनी ठरवले, तेव्हा धाकट्या भावाचा, कान्होबाचा, अर्धा हिस्सा त्यांनी वेगळा काढून त्याच्या हाती दिला. पाण्यात टाकला तो स्वतःचा हिस्सा. कथा ऐतिहासिक कसोटीवर किती टिकेल हा प्रश्न निराळा. तिने जपलेला नैतिक बारकावा मोलाचा आहे. दैन्याला हसण्याचा, ते बरे झाले म्हणण्याचा अधिकार आपल्या हिश्श्यापुरता असतो. भावाचे नुकसान बरे झाले असे म्हणता येत नाही. आणि हा न्याय कान्होबाला मिळाला तसा जिजाईला मिळाला का, असे कोणी विचारले, तर परंपरेजवळ त्याचे समाधानकारक उत्तर नाही. तिने जिजाईला कजाग ठरवले, आणि भामगिरीच्या वाटेवर भाकरी घेऊन तिलाच पाठवले.

हिश्श्याची ही कसोटी आजच्या अनुभवालाही लावून पाहता येते. मार्च 2020 मधील टाळेबंदीत घराघरांतून काटकसरीचा एक उत्सव झाला. घरीच केस कापणे, उरल्यासुरल्याचे पदार्थ, जुन्या साड्यांचे मास्क. आणि या साऱ्यावर विनोदांचा पाऊस. त्या विनोदांत वाईट काही नव्हते. भीती वाटत असता माणसे हसली. परंतु त्याच आठवड्यांत मुंबई, ठाणे, पुणे येथून हजारो मजूर डोक्यावर बोचके घेऊन पायी गावाकडे निघाले होते. पगार चालू असलेल्याने आपल्या वाढलेल्या केसांवर केलेला विनोद त्याच्या हिश्श्यातला होता. 'थोडक्यात सुखी राहता येते हे या संकटाने शिकवले' असे जेव्हा तोच माणूस सर्वांच्या वतीने म्हणू लागला, तेव्हा त्याने कान्होबाचीही खते नदीत टाकली. या दोन वाक्यांत शब्दांचे अंतर फार नाही.

ज्याची काटकसर त्याचेच हसणे, अशी संहिता मराठीत शोधू गेल्यास लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'कडे यावे लागते. 1934 पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेले हे पुस्तक संसाराच्या अनिश्चिततेचेच पुस्तक आहे. माहेरी मीठसुद्धा धुऊन घ्यावयास लावणारे वडिलांचे सोवळे. सासरी नारायण वामन टिळकांसारखा कवी, ज्याच्या हाती पैसा टिकत नसे आणि ज्याला मागणाऱ्यास नाही म्हणता येत नसे. मग 1895 मधील त्यांचे धर्मांतर, ताटातूट, पुढे पुन्हा जमवलेला संसार, प्लेगची वर्षे. टिळकांचे औदार्य थोर होते यात वाद नाही. पण ते ज्या डब्यांतून खर्च होत असे त्या डब्यांचे तळ लक्ष्मीबाईंनी पाहिलेले आहेत. त्यांच्या विनोदाचे वैशिष्ट्य हे की, त्यात ना स्वतःची कीव आहे, ना पतीला दिलेली सरसकट माफी. टिळकांवरचे प्रेम आणि टिळकांचा हिशेब या दोन्ही गोष्टी त्या एकाच वाक्यात ठेवतात. त्या स्वतःलाही हसतात : आपल्या भोळेपणाला, आपल्या सोवळ्याला, आपल्या रागाला.

सेन यांचा आक्षेप या पुस्तकापुढे ठेवून पाहावा. या बाईने इच्छा आखूड केली होती का? केली असती तर इतक्या वर्षांनंतर प्रत्येक तुटीचा तपशील तिच्या स्मरणात इतका ताजा राहिला नसता. कोणत्या वेळी घरात काय नव्हते, ते कोणामुळे नव्हते आणि त्यावर तोड काय काढली, हे सारे तिला आठवते. तिने भोगले, भागवले, आणि सांगावयाची वेळ आली तेव्हा सांगण्याचे काम दुसऱ्या कोणाकडे दिले नाही. फ्रॉइडच्या भाषेत वाचवलेल्या भावनेचा प्रश्न येथे विचारला, तर उत्तर पुस्तकातच आहे. चाळीस वर्षे पदरात बांधून ठेवलेले जे होते, ते तिने या पानांवर मोजून खर्च केले. हातचे काही राखले नाही, आणि टिळकांच्या नावावर उधारही मांडली नाही.